३०० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया, एकच चाक फिरतं: डिफरन्शियल कोणता, एक्सल कोणते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्याच्या एका वाचकाकडे पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. इंजिन १.८ टर्बो, गिअरबॉक्स पाच गिअरचा मॅन्युअल. कंपनीतून १५० अश्वशक्तीची निघालेली ही गाडी मोठा टर्बो, फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड आणि नवा ईसीयू मॅप (इंजिनच्या संगणकातली सेटिंग) टाकल्यावर डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, ३०० अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क दाखवते. गाडी रोज वापरात आहे, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर किंवा ड्रॅगच्या इव्हेंटला जाते. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की एकच चाक जागेवर फिरत बसतं. डावीकडचा एक एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाकडे ताकद नेणारा शाफ्ट, तुटूनही झाला आहे. गॅरेजवाल्याचा सल्ला: डिफला (डिफरन्शियलला, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीला) वेल्ड मारून टाकू आणि एक्सल लेथवर जाड बनवून घेऊ.

दोन्ही करू नका. या गाडीला हेलिकल प्रकारचा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एलएसडी, म्हणजे एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफ) लागेल, क्राउन व्हील (डिफवर बसवलेलं मोठं दातेरी चाक) रिव्हेटऐवजी बोल्टवर लागेल, आणि एक्सल सध्या मूळ जाडीचेच पण चांगल्या दर्जाचे चालतील. पण या सगळ्याआधी इंजिन माउंटिंग आणि कंट्रोल आर्मचे (चाक जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश बदला. एक्सल तुटण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता कारणं. सुरुवात इंजिनपासून न करता टायरपासून करू, कारण एक्सलवर किती पीळ येणार हे शेवटी टायर ठरवतो. माणसासकट गाडी १३५० किलो धरा आणि त्यातलं ६२ टक्के वजन पुढच्या चाकांवर, म्हणजे साधारण ८३७ किलो. गाडी जोरात सुटली की वजन मागे सरकतं आणि पुढे जेमतेम ७०० किलो उरतं. चांगल्या कोरड्या डांबरावर रस्त्याचा टायर आपल्या वजनाच्या ०.९ पट पकडतो असं धरलं, तर पुढची दोन्ही चाकं मिळून ६३० किलोच्या आसपास ढकलू शकतात. २०५/५५ आर १६ टायरची त्रिज्या सुमारे ०.३१ मीटर. म्हणजे दोन्ही एक्सल मिळून १९०० न्यूटन-मीटर, एकेकावर ९५० च्या घरात.

आता इंजिनकडून बघा. पहिल्या गिअरचं प्रमाण सुमारे ३.३, फायनल ड्राइव्हचं (चाकांआधीच्या शेवटच्या गिअर-जोडीचं) ३.९४. ४०० ला या दोन्हींनी गुणलं की ५२०० न्यूटन-मीटर होतात. टायर पेलतो त्याच्या पावणेतीनपट. दुसऱ्या गिअरमध्ये ३०६०, तेही टायरच्या आवाक्याबाहेर. तिसऱ्यात कुठे २०६० वर इंजिन आणि टायर बरोबरीला येतात. म्हणजे पहिल्या दोन गिअरमध्ये तुम्ही ३०० चे ३५० अश्वशक्ती केले तरी एक्सलवरचा स्थिर पीळ वाढत नाही, टायर तेवढे जास्त फिरतात. पीळ वाढतो तो टायर बदलल्यावर. ड्रॅगचे चिकट टायर टाकले की तोच एक्सल दीडपट भार घेतो. म्हणून ‘किती हॉर्सपॉवरला कोणता एक्सल’ हा प्रश्न अर्धवट आहे. टायर कोणता, हे आधी सांगावं लागतं.

मग ९५० न्यूटन-मीटरला एक्सल तुटला कसा? निरोगी एक्सल एवढ्यावर तुटत नाही. तोडतात ते झटके. चाक उड्या मारायला लागलं, म्हणजे टायर पकडतो-सुटतो-पकडतो, तेव्हा प्रत्येक पकडीला फिरतं इंजिन आणि फ्लायव्हील यांचा सगळा वेग एका क्षणात शाफ्टमध्ये जिरवला जातो. त्या क्षणी पीळ स्थिर आकड्याच्या कितीतरी वर जातो. गिअरबॉक्सखालचं डॉगबोन माउंट (इंजिनला पुढे-मागे हलू न देणारा आधार) फाटलेलं असलं, कंट्रोल आर्मचा मागचा बुश चिरलेला असला, की या उड्या हमखास येतात. त्यात सिरॅमिक बटनाची क्लच प्लेट असेल तर विचारूच नका. ती घसरत नाही, खटकन पकडते. जो झटका ऑरगॅनिक प्लेटने गिळला असता तो सरळ एक्सलवर जातो.

तुटलेला तुकडा अजून गॅरेजात पडला असेल तर फेकू नका, पुसून उन्हात बघा. तुटलेलं तोंड शाफ्टला काटकोनात, सपाट आणि बारीक भोवऱ्यासारखं दिसत असेल, तर मऊसर पोलाद एकदम जास्त पीळ पडून कापलं गेलं आहे. खडू पिळून तोडल्यावर दिसतो तसा ४५ अंशांचा तिरका गोल कट असेल, तर पोलाद फार कडक, ठिसूळ झालं होतं. हीट ट्रीटमेंट बिघडल्याची खूण. आणि तोंडाच्या एका भागात ओल्या वाळूवर लाटांच्या रेषा उमटतात तशा कमानी असतील, तर तडा आधीच पडलेला होता आणि तो महिनोन्‌महिने वाढत आला. तसं असेल तर इंजिनच्या ताकदीला दोष देऊ नका. जुना, गंजलेला, कुठेतरी हातोडीचा मार बसलेला शाफ्ट होता. तुटण्याआधी स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) दात जिलबीसारखे वळलेले दिसले तर शाफ्टने बराच काळ इशारा दिला होता, कोणी बघितलं नाही.

आता डिफ. साध्या डिफबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे, की तो सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देतो. तसं नाही. तो दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतो, आणि अडचण तिथेच आहे. समजा डावं चाक रस्त्याकडेच्या मुरमावर आहे, तिथे पकड ०.३. उजवं डांबरावर, पकड ०.९. दोन्हींवर ३५० किलो. डावं चाक १०५ किलोपेक्षा जास्त ढकलू शकत नाही, म्हणून उजव्यालाही १०५ च मिळतात. एकूण २१०. उजव्याची ३१५ किलोची ऐपत वाया.

हेलिकल डिफमध्ये तिरक्या दातांचे छोटे गिअर असतात. भार आला की ते आपल्या घराच्या भिंतीवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून जास्त पकड असलेल्या चाकाला जास्त टॉर्क जातो. हे प्रमाण ठरलेलं असतं, समजायला अडीचपट धरा. मग वरच्याच उदाहरणात डाव्याचे १०५ अधिक उजव्याचे २६२, असे ३६७ किलो मिळतात. पाऊणपट जास्त. औट्रम घाटात वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होतं तेव्हा हाच हिशेब कामाला येतो. समृद्धीवर मात्र डिफला जवळपास काही काम नसतं, तिथे सरळ रस्ता आणि सगळी पकड सारखी. केवळ महामार्गासाठी कोणी एलएसडी टाकणार असेल तर पैसे टायरवर घालावेत.

हेलिकलची खोट एकच, पण ती मोठी आहे. शून्याची अडीचपटही शून्यच. चाक हवेत उचललं गेलं की तो साध्या डिफसारखा वागतो. ट्रॅकवर कर्बवर चाक चढवणाऱ्यांना, किंवा काळ्या मातीने वरखाली झालेल्या रस्त्यावर जोरात जाणाऱ्यांना हे जाणवतं. वेव्हट्रॅकसारख्या डिफमध्ये भार सुटल्यावर दोन्ही बाजूंना लाटांच्या आकाराच्या चकत्यांनी थोडा ताण देऊन ही उणीव बरीचशी भरून काढलेली असते. क्वाइफ, पेलोक्विन आणि वेव्हट्रॅक हे तिघेही या गिअरबॉक्ससाठी हेलिकल डिफ बनवतात. मागवताना ‘ऑक्टाव्हिया’ एवढंच न सांगता गिअरबॉक्सवरचा तीन अक्षरी कोड आणि ‘०२जे’ हे कुटुंब सांगा. फोक्सवॅगन समूहात एकाच मॉडेलला वेगवेगळे बॉक्स आले आहेत आणि चुकीचा डिफ परत करायला समुद्र ओलांडावा लागतो.

प्लेटवाला डिफ, म्हणजे आत क्लचसारख्या चकत्यांचा थर असलेला, हवेतल्या चाकावरही पकडतो आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक गाडीला तो पहिली पसंती आहे. तुमच्या गाडीत मी तो सुचवणार नाही. पुढच्या चाकांच्या गाडीत डिफ गिअरबॉक्सच्याच पोटात आणि त्याच तेलात असतो. चकत्या झिजल्या की त्यांचा चुरा बेअरिंग आणि सिंक्रोमधून (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांमधून) फिरतो. चकत्यांना लागणारं फ्रिक्शन मॉडिफायर सिंक्रोला मानवत नाही. शिवाय गर्दीत यू-टर्न घेताना कटकट आवाज, हातात स्टिअरिंगची ओढ, आणि काही सीझनमध्ये चकत्या बदलण्याचा खर्च. रोजच्या गाडीला हे कशाला हवं?

वेल्डबद्दल थोडक्यात सांगितलं तरी पुरतं, पण ते नीट वाचा. वळणात बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. वेल्ड केलेल्या डिफमध्ये तो फरक टायर घासून किंवा एक्सल पिळूनच भरून निघतो, आणि पुढची चाकं वळवायचीही असल्याने गाडी वळणात सरळ जाऊ पाहते, पावसात तर भयंकर. शिवाय केस-हार्डन केलेल्या (फक्त वरचा थर कडक केलेल्या) गिअरवर मारलेला वेल्ड शेजारच्या पट्टीत ठिसूळ होऊन तुकड्याने सुटतो, आणि तो तुकडा क्राउन व्हीलच्या दातात जातो.

०२जे बॉक्समध्ये आणखी एक गोष्ट आहे, जिच्यासाठी डिफ बदलणं मला नुसत्या पकडीपेक्षाही जास्त पटतं. मूळ डिफवर क्राउन व्हील रिव्हेटने बसवलेलं असतं. झटक्यांच्या लॉन्चने, म्हणजे उभ्या गाडीतून एकदम जोरात सुटण्याने, रिव्हेटची डोकी उडतात, आणि डिफमधली आडवी पिन सरकून बाहेर आली तर ती फिरता फिरता गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियम केसला भोक पाडते. तेल रस्त्यावर, बॉक्स भंगारात. ४०० न्यूटन-मीटर या बॉक्सच्या मूळ कुवतीच्या बरंच वर आहे, तेव्हा हे ‘झालं तर’ या सदरातलं राहिलेलं नाही.

बसवण्याचं काम असं चालतं. बॉक्स उतरवून उघडायचा, डिफ बाहेर काढायचा. रिव्हेटची डोकी ड्रिलने मध्यभागी खोल करून छाटायची आणि दांडे प्रेसखाली किंवा पंचने बाहेर काढायचे. ड्रिल क्राउन व्हीलच्या भोकाला लागू द्यायचं नाही. क्राउन व्हील १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून नव्या डिफवर ठेवायचं, ते स्वतःच्या वजनाने खाली बसतं. थंड क्राउन प्रेसने दाबून बसवणारा कारागीर दिसला तर काम थांबवा. वाकडं बसलेलं क्राउन पुढे आयुष्यभर घूं करतं. बोल्ट नवेच, किटमधलेच, थ्रेड लॉक लावून आणि डिफच्या कागदावर दिलेल्या टॉर्कला, समोरासमोरच्या जोड्यांनी. बाजारातला ‘तसाच दिसणारा’ १०.९ चा बोल्ट इथे चालत नाही, कारण दांड्याचा गुळगुळीत भाग किती लांब हे इथे महत्त्वाचं आहे.

आणि मग ज्या पायरीवर बहुतेक गॅरेज घाई करतात ती: बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच दिलेला ताण. या डिफच्या दोन्ही बाजूंना टेपर रोलर बेअरिंग आहेत आणि त्यांचा ताण शिमने, म्हणजे पातळ चकतीने, ठरतो. नव्या डिफची खांद्यापासून खांद्यापर्यंतची उंची जुन्यापेक्षा किंचित वेगळी असू शकते, बेअरिंगही नवी असतात. म्हणून जुनी शिम तशीच टाकून चालत नाही. डायल गेज लावून वरखाली खेळ मोजा आणि मॅन्युअलमधल्या हिशेबाने शिम निवडा. कमी ताण असेल तर भार आल्यावर क्राउन पिनियनपासून (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरपासून) दूर सरकतं, दातांचा फक्त टोकाकडचा भाग भार घेतो आणि दात तुटतात. जास्त ताण असेल तर बेअरिंग तापून निळी पडते. ‘डिफ खराब निघाला’ अशी तक्रार येते तेव्हा आधी शिम तपासावी.

तेल ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं, सुमारे २ लिटर. जीएल-५ जास्त ‘मजबूत’ म्हणून गळ्यात मारलं जातं. त्यातली जास्तीची गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो खाऊ शकतात. हेलिकलला वेगळं तेल लागत नाही, ब्रेक-इनही नाही. तरी पहिलं तेल ८०० ते १००० किलोमीटरला काढा आणि ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर बघा: राखाडी लेप ठीक, चमकणारे कण किंवा टोकदार कपचे आले तर बॉक्स परत उघडायचा.

बसवून झाल्यावर पुढची दोन्ही चाकं उचलून गिअर न्यूट्रलला ठेवून एक चाक हाताने फिरवतात, आणि दुसरं उलट फिरलं की ‘फसवलं, हा एलएसडी नाहीच’ असा गोंधळ होतो. आतून आधीच ताण न दिलेल्या हेलिकलमध्ये ते उलटच फिरतं, फक्त जरा जड. भार नसताना तो काम करत नाही, हाच त्याचा स्वभाव. एकत्र फिरायला हवं ते प्लेटवाल्यात.

आता एक्सल. लेथवर ‘जाड’ करून घेण्यामागचं गणित अर्धं बरोबर आहे. शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते; २५ मिमीचा २८ केला तर जवळपास १.४ पट. पण मधला दांडा जाड करून स्प्लाइन तेवढीच ठेवली तर सगळा पीळ स्प्लाइनच्या मुळाशी गोळा होतो आणि शाफ्ट तिथेच तुटतो. चांगल्या शाफ्टचा मधला भाग मुद्दाम स्प्लाइनच्या मुळाइतका किंवा किंचित बारीक असतो, म्हणजे पीळ सगळ्या लांबीवर वाटला जातो आणि शाफ्ट स्प्रिंगसारखा झटका गिळतो. दुसरी गोष्ट पोलादाची. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, पण सळईचं लोखंड वेगळं आणि एक्सलचं वेगळं. ईएन८ जातीच्या साध्या पोलादाचा दांडा कातून दिलेला एक्सल दिसायला अस्सल दिसतो आणि दहा लॉन्चमध्ये वळतो. बनवून घ्यायचाच असेल तर ईएन२४ (अमेरिकन बाजारात ज्याला ४३४० म्हणतात त्या जातीचं), कातल्यानंतर योग्य हार्डनिंग-टेम्परिंग, आणि स्प्लाइन कापण्यापेक्षा रोल केलेली. वाळूज किंवा चिकलठाण्याला हे करू शकणारे कारखाने आहेत, पण हीट ट्रीटमेंटचा आणि हार्डनेसचा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. रिपोर्ट मागितल्यावर जो हसतो, त्याच्याकडून एक्सल घेऊ नका.

रस्त्याच्या टायरवर तुम्हाला याची गरज नाही. नामांकित कंपनीचे नवे मूळ जाडीचे शाफ्ट, दोन्ही बाजूंचे एकाच वेळी, एवढं पुरे. ‘रीकंडिशन’ केलेले म्हणजे जुनाच शाफ्ट रंगवून नवा बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) घातलेला; तो नको. ड्रॅग टायर टाकायचे ठरले तर मग ४३४० किंवा ३००एम पोलादाचे फोर्ज्ड शाफ्ट आणि सोबत मोठे आतले जॉइंट (शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचे सांधे) घ्या. या गाड्यांत आतला सीव्ही जॉइंट १०० मिमीचा किंवा १०८ मिमीचा येतो. १०८ च्या जॉइंटला डिफमध्ये बसणारे फ्लँजही १०८ चेच लागतात, हे एकत्र मागवा. आतल्या जॉइंटचे बोल्ट आधी आडव्यातिडव्या क्रमाने १० न्यूटन-मीटरला, मग एम८ असतील तर ४० ला आणि एम१० असतील तर ७० ला. फ्लँजवर ग्रीसचा थर राहिला तर हे बोल्ट सैल होतात आणि मग ‘एक्सल तुटला’ म्हणून गाडी टोइंगवर येते. ब्रेक क्लीनरने पुसा. चाकाकडचा मोठा नट दर वेळी नवा.

गाडीची उंची कमी केली असेल तर जॉइंटचा कोन तपासा. स्प्रिंग काढून चाक जॅकने पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन बघा: दोन्ही टोकांना आतल्या जॉइंटमध्ये शाफ्टला थोडी तरी आत-बाहेर सरकायला जागा उरली पाहिजे. शाफ्ट आत टेकत असेल तर खड्ड्यात प्रत्येक वेळी डिफच्या बेअरिंगवर हातोडा बसतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात बूटचं रबर फार लवकर चिरतं आणि आत गेलेली बारीक धूळ ग्रीससोबत पॉलिश पेस्टसारखी काम करते. दर तेलबदलीला बोटाने बूटच्या घड्या उघडून बघा. ग्रीस मॉलिब्डेनमवाली, किटमधली सगळी. अर्धी जॉइंटच्या गोळ्यांमध्ये दाबून, उरलेली बूटमध्ये.

डावा आणि उजवा एक्सल वेगळ्या लांबीचे असल्याने जोर दिला की स्टिअरिंग ओढतं. एलएसडीने ही ओढ कमी होत नाही, थोडी वाढते. म्हणून त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करा, पुढचा टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळली आहेत ते) शून्याच्या जवळ, दोन्ही पुढच्या टायरची हवा तंतोतंत सारखी. दोन्ही बाजूंना जुना-नवा टायर मिसळला तर हेलिकल सतत काम करत राहील आणि गाडी रुंद रस्त्यावरही सरळ धावणार नाही.

नवे शाफ्ट बसवल्यावर प्रत्येकावर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पांढऱ्या पेंटची सरळ रेघ मारा. इव्हेंटहून आल्यावर गाडी उचलून बघा. रेघ सरळ असेल तर शाफ्ट ठीक. रेघ किंचित जरी स्क्रूसारखी फिरली असेल, तर पोलाद परत सरळ होत नाही. तो शाफ्ट त्याच दिवशी काढून टाका.